झांज आणि तेरावा अध्याय

आमच्या घरात भांडणं आकड्यांत होत. पप्पा चिडले की नुसतं "इफिस सहा, एक!" म्हणत. मुलांनी आईबापाचं ऐकावं, असं पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिलंय, ते हे वचन. अख्खं वचन म्हणायची गरजच नसे. पत्ता सांगितला की माल आपोआप पोचायचा. मग मोठा भाऊ खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटे, "इफिस सहा, चार." तिथं पौल बापांकडे वळतो आणि उगाच पोरांची डोकी फिरवू नका, असं बजावतो. पप्पांना काही सुचेपर्यंत आई स्वयंपाकघरातून "दुसरं थेस्सल, तीन, दहा" पाठवून देई. ज्याला काम नको त्याला जेवणही नको, हा त्याचा मथितार्थ. दोघंही मुकाट्यानं ताटं घ्यायला उठत.

सैन्यातून निवृत्त झालेले आमचे मामा तसे शास्त्रापासून चार हात लांबच, पण पहिले तीमथ्य पाच तेवीस त्यांना झोपेतही येई. तीमथ्याचं पोट वरचेवर बिघडायचं म्हणून पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायचा वैद्यकीय सल्ला दिला होता. मामांचं पोट रोज संध्याकाळी सातला बिघडत असे. परीक्षेच्या दिवसांत भावाचा आधार उपदेशक बारा बारा. फार पुस्तकं वाचण्यानं देहाची काय दशा होते, ते तिथं नोंदलेलं आहे. एकदा त्यानं वर्गशिक्षकांसमोर हा दाखला दिला. शिक्षक ब्राह्मण होते, त्यांनी त्याला गीतेतला एक श्लोक ऐकवला आणि पट्टी काढली.

हे आकडे मुळात पौलाचे नव्हेत. त्यानं पत्रं लिहिली ती सलग, आपण लिहितो तशी. अध्याय पाडले तेराव्या शतकात, आणि नव्या करारातल्या वचनांना आजचे क्रमांक दिले रोबेर एतियेन नावाच्या फ्रेंच मुद्रकानं, १५५१ मध्ये. पॅरिसहून लियोंला जाताना, वाटेत बसल्याबसल्या त्यानं हे काम उरकलं, असं त्याच्या मुलानंच लिहून ठेवलंय. काही वचनं भलत्याच ठिकाणी का तुटतात याचं खापर लोक तेव्हापासून त्याच्या घोड्यावर फोडतात. सांगायचा मुद्दा असा, की आमच्या शब्बाथशाळेच्या स्पर्धेत खुद्द पौलाला उभं करून "पहिले करिंथ, तेरा, चार ते सात म्हणा" असं फर्मावलं असतं, तर तो पहिल्या फेरीतच बाद झाला असता.

शब्बाथशाळा म्हणजे रविवारच्या उपासनेआधी भरणारी मुलांची शाळा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले. त्यांनी शाळा काढल्या, चर्चं बांधली, आणि त्यांची वचनं पाठ करण्याची हौस आपल्याकडच्या परवच्याला अशी काही चिकटली, की साहेब गेले तरी पाठांतर राहिलं. नाताळाच्या आधी स्पर्धा असे. बक्षीस स्टीलचं, वर नाव घातलेलं. नगरच्या ख्रिस्ती घरांत तुम्ही जेवायला बसलात आणि आमटीच्या वाटीवर 'पाठांतर, द्वितीय' असं वाचलंत, तर दचकू नका.

आळशी मुलांचं लाडकं वचन योहान अकरा पस्तीस. लाजर मेल्यावर येशूच्या डोळ्यांना पाणी आलं, एवढंच त्यात आहे. मराठीत मोजून दोन शब्द. इतकी मुलं हेच वचन म्हणून खाली बसू लागली, की बाईंनी त्यावर बंदी घातली. मग सगळे स्तोत्र ११७ वर तुटून पडले. ते अख्खं स्तोत्र दोन वचनांचं. 'मला एक पूर्ण स्तोत्र येतं' असं छाती काढून सांगता येतं आणि खोटंही बोलावं लागत नाही. खरे महत्त्वाकांक्षी लोक दोनच स्तोत्रं पुढं सरकून ११९ ला हात घालत. त्यात १७६ वचनं. मूळ हिब्रूत त्याची रचना बावीस मुळाक्षरांवर केलेली आहे, प्रत्येक अक्षराला आठ वचनं, म्हणजे हिब्रू पोरांना पुढचं अक्षर तरी आठवायचं. भाषांतरात तो आधार गळाला आणि आमच्या वाट्याला नुसती १७६ वचनं आली. आमच्या काळात ते पूर्ण म्हणणारी एकच मुलगी निघाली. ती पुढं आयकर खात्यात गेली.

प्रौढांच्या गटात आजी उतरायची. तिचं पाठांतर जुन्या भाषांतराचं, आणि समोर नवं भाषांतर उघडून बसलेला परीक्षक तरुण संघातला, ओठावर नुकती मिसरूड. तो दर ओळीला "आजी, चुकलं" म्हणायचा. चौथ्या वेळी आजीनं चष्मा काढला आणि म्हणाली, "बाळा, तुझ्या बापाला मी हेच शिकवलं, तेव्हा देवानं काही हरकत घेतली नव्हती." तिला प्रथम क्रमांक मिळाला. द्यावाच लागला.

या सगळ्यात सक्तीचा होता तो करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, प्रीतीचा. तेरा वचनं, म्हणून लक्षातही राहतो. (शाळेत मी "आज तेरावा पाठ करायचाय" म्हटलं, तर बाकावरची मैत्रीण म्हणाली, "अगं बाई, कोण गेलं?") तो लग्नांत वाचतात. फुलांची कमान, पांढरी साडी, नवरीच्या हातातला गुच्छ थरथरतोय आणि कुणीतरी गोड गळ्याची चुलतबहीण प्रीतीचे गुण एकामागून एक सांगतेय. ऐकताना वाटतं, पौलानं हे कुणाच्या तरी साखरपुड्याला लिहून पाठवलं असावं.

मी मोठी झाल्यावर ते पत्र पहिल्यापासून वाचलं. दर पानावर भांडण! करिंथच्या मंडळीत गट पडलेले. कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी पेत्राचा. एकमेकांना कोर्टात खेचलेलं. प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन जेवून, पिऊन तर्र, आणि मजूर येईतो भांडी रिकामी. शिवाय कुणाला देवानं कोणतं दान दिलं आणि त्यात वरचढ कोण, यावर रोज चुरस. पौल तेव्हा समुद्रापलीकडे इफिसमध्ये होता, या तक्रारी ऐकून वैतागलेला. त्या वैतागाच्या मधोमध हा अध्याय येतो. यात प्रीती काय करत नाही, याची जी यादी आहे, ती करिंथकर नेमकं काय करत होते त्याची यादी आहे. नवरानवरीशी तिचा काडीचा संबंध नाही. ती पास्टोरेट कमिटीच्या सभेआधी वाचावी अशी आहे, आणि आमच्याकडे पंख्याखालच्या बाकावर कुणी बसायचं यावरून झालेल्या सभा आठवल्या, तर सभेनंतरही एकदा.

या अध्यायावर आमच्या मंडळीत उघड हरकत घेणारा एकच माणूस होता, झांजवाले काका. पौल सुरुवातच झांजेपासून करतो: माणूस कितीही दिव्य भाषेत बोलो, प्रीती नसेल तर त्याचा आवाज नुसत्या झांजेसारखा. काकांनी उभी हयात चर्चमध्ये झांज वाजवली. ना. वा. टिळकांचं पद असो की नाताळातली भजनफेरी, तबला-पेटीवाले बदलले, काका बदलले नाहीत. "पौलाला झांज ऐकायलाच मिळाली नव्हती," हे त्यांचं ठाम मत. "मिळाली असती तर असं लिहिता ना." त्यावरचा त्यांचा तोडगा स्तोत्र १५०, वचन पाच, जिथं देवाची स्तुती झांजा वाजवून करायला सांगितलंय. हे आणि योहान अकरा पस्तीस, अशी दोनच वचनं त्यांना पाठ. दोन्ही गटांत ते आयुष्यभर नापास.

आणि तेराव्या अध्यायातही नापासच. धीर हा गुण त्यांच्या आसपास फिरकला नव्हता. रागाला कारण लागत नसे. बोलणं असं, की नव्या पाळकसाहेबांना पहिल्याच रविवारी "प्रवचन लांबलं, लोकांच्या भाज्या करपल्या" असं दारात ऐकवलं. स्वतःची तारीफ ते स्वतःच करत, दुसऱ्यावर विसंबत नसत. भल्या पहाटे अंगणात येऊन खड्या आवाजात आशीर्वाद द्यायची सवय होती. अशा शेजाऱ्याचा आशीर्वाद शाप समजावा, असं नीतिसूत्रे सत्तावीस चौदा सांगतं, आणि ते वचन पप्पा उशीत तोंड खुपसून म्हणत. मुख्य म्हणजे काका हिशेब ठेवत. कोटाच्या आतल्या खिशात एक वही होती, तीत कुणाकडे किती येणं आहे ते असे, आणि समासात कोण काय बोललं तेही.

येणं कशाचं, तर मयतींचं. नगरमध्ये कुठल्याही ख्रिस्ती घरात कुणी गेलं, मग ते आपल्या मंडळीचं असो वा नसो, की पाळकांच्या आधी काका पोचत. पेटी सांगणं, कबरस्थानातली जागा, खोदणारे, नगरपालिकेचा कागद, मुंबईहून निघालेल्या मुलासाठी बर्फ, सगळं ते बघत. बघत म्हणजे भांडत. पेटीवाल्याशी लाकडावरून, खोदणाऱ्यांशी खोलीवरून, रडणाऱ्या बायकांशी "आता पुरे, चहा घ्या" यावरून. आमची आजी गेली तेव्हा त्यांनी पप्पांना असं झापलं की पप्पा रडायचे थांबले. पैसे आधी स्वतःचे घालत, नंतर वहीत लिहीत, आणि मग वर्ष वर्ष मागत राहत.

मला पौलाबद्दल आदर आहे, पण काकांची उत्तरपत्रिका त्याच्याकडे तपासायला देऊ नये. ती लूकच्या दहाव्या अध्यायात द्यावी. तिथं एक शास्त्री येशूची परीक्षा घ्यायला उठतो. येशू त्यालाच विचारतो, नियमशास्त्रात काय लिहिलंय? हा पठ्ठ्या 'अनुवाद' या पुस्तकातलं एक आणि लेवीयातलं एक अशी दोन वचनं जोडून घडाघडा म्हणतो: देवावर प्रीती, शेजाऱ्यावर प्रीती. आमच्याकडे त्याला स्टीलचा डबा मिळाला असता. येशूनंही उत्तर बरोबर ठरवलं. फक्त म्हणाला, आता करून दाखव. तेव्हा शास्त्र्यानं सगळ्या हुशार विद्यार्थ्यांसारखी व्याख्या मागितली, शेजारी म्हणजे नेमका कोण? मग ती गोष्ट येते. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी, साधारण पंचवीस किलोमीटरांत हजार मीटर खाली नेणारी ओसाड वाट, लुटारूंनी झोडपून टाकलेला माणूस, बगल देऊन जाणारे याजक आणि लेवी. या दोघांना ते वचन पाठ असणार, त्यांचा धंदाच तो. थांबला तो शोमरोनी. ज्याच्याशी यहुदी लोकांचा उभा दावा. त्याच्या शास्त्रात मोशेची पाचच पुस्तकं, पण लेवीय त्यांत होतं, म्हणजे वचन त्याच्याही अभ्यासक्रमात होतं. पाठांतरावरून कुणाचं काही सांगता येत नाही म्हणा; मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानही स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणून दाखवतो.

ही गोष्ट काकांना सांगितली तर त्यांना भलतीच आवडली. "बघ," ते म्हणाले, "त्यानंही हिशेब ठेवलाच की. धर्मशाळावाल्याला दोन दीनार दिले, वरचे येताना देतो म्हणाला. दोन दीनार म्हणजे?"

"मजुराची दोन दिवसांची मजुरी," मी म्हटलं.

"मग! वहीत लिहिलं असणार."

यानंतर काही दिवसांनी आमच्या आतेबहिणीचं लग्न होतं. तेरावा अध्याय वाचणारी पुण्याची भाची शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि ऐनवेळी पाळकसाहेबांना समोर झांज घेऊन बसलेले काका दिसले. काकांनी अट घातली, पहिलं वचन वाचणार नाही. पाळकसाहेब म्हणाले, शास्त्र गाळता येत नाही. तोडगा असा निघाला की काकांनी पहिलं वचन इतक्या झपाट्यानं म्हटलं, की पहिल्या बाकालाही ते कळलं नाही. पुढं मात्र आवाज लागला. गोड मुळीच नाही, पण चर्चच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा. पाचव्या वचनात, प्रीती दुसऱ्याच्या वाइटाचा हिशेब ठेवत नाही अशा अर्थाचं जिथं येतं, तिथं काका थांबले. चष्मा नाकावर खाली घेतला, दुसऱ्या रांगेत बसलेल्या एका गृहस्थांकडे नीट पाहिलं, आणि ते वचन पुन्हा एकदा वाचलं. सावकाश. या गृहस्थांच्या वडिलांच्या पेटीचे पैसे दोन नाताळ उलटले तरी यायचे होते. लोकांना वाटलं, काकांचं मन भरून आलं. आत्याबाईंनी डोळेसुद्धा पुसले.

जेवणावळीत, बिर्याणीच्या रांगेत उभे असताना, ते गृहस्थ काकांजवळ आले आणि एक पाकीट त्यांच्या हातात कोंबून म्हणाले, "काका, माफ करा, राहूनच गेलं होतं."

काकांनी त्यांना मिठी मारली. मग तिथंच, पत्रावळ बगलेत धरून नोटा मोजल्या, खिशातून वही काढली, पान शोधून एक ओळ खोडली.

"पेटीचे आले," ते म्हणाले. "चहाचे चाळीस राहिले."