निशाणाची दांडी

आमचे शेठजी एका परदेशाचे मानद वाणिज्यदूत झाल्यापासून त्यांच्या मोटारीच्या नाकावर एक चकचकीत दांडी बसली आहे, आणि भूगोलाच्या मास्तरांनाही नकाशावर चटकन बोट ठेवता येऊ नये अशा त्या दूरस्थ राष्ट्राचे निशाण तिच्यावर अष्टौप्रहर फडकत असते. जिनिंग-प्रेसिंगचे मालक, मग महामंडळाचे अध्यक्ष, मग परराष्ट्राचे प्रतिनिधी, हा चढता क्रम वाचकांच्या परिचयाचाच असल्यामुळे त्याचा विस्तार करीत नाही. शिवाय ज्या तालुक्याचे नाव केळापूर आणि कचेरी पांढरकवड्यात, तेथील गृहस्थाने राहावे एका देशात आणि वकिली करावी दुसऱ्याची, यात स्थानिक परंपरेला बाध येण्याजोगे काही नाही.

आमचा प्रश्न दांडीपुरताच. 1963 च्या व्हिएन्ना कराराचे 29 वे कलम वाहनावर निशाण लावण्याची मुभा देते, परंतु ते वाहन अधिकृत कामासाठी वापरले जात असतानाच. शेठजींची मोटार पाटणबोरीस व्याह्यांकडे निघाली, निशाण आहेच. केळापूरच्या जगदंबेच्या देवळापुढे उभी राहिली, निशाण आहेच (देवीकडे त्या राष्ट्राचे कोणते प्रकरण तुंबले होते कोण जाणे). नातवाच्या जावळाला, थकलेल्या उधारीच्या वसुलीला, पक्षाच्या मेळाव्याला, सर्वत्र त्या राष्ट्राचे सार्वभौमत्व शेठजींच्या आधी पोहोचते. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे ट्रकवालेही आता त्याला वाट देतात.

परवा ते निशाण जवळून पाहण्याचा योग आला. पॉलिएस्टरचे आहे! ज्या इसमाची तीन मजली कोठी, अध्यक्षपद, दौलत आणि दरारा हे सारे कापसातून निघाले, त्याला वीतभर सुती कापड मिळू नये? सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि 12 च्या वर गेला की माल परत जातो. निदान तेथे यंत्र तरी असते. शेठजींना यंत्राची गरज कधी भासली नाही. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून, बोटे नाकाशी नेऊन ते ओलावा सांगत, आणि तो आकडा दरवेळी कास्तकाराच्याच विरुद्ध निघे. मग कडता, मग हमाली, मग चुकाऱ्याला पुढच्या आठवड्याचा वायदा, आणि रात्रभर फाटकाशी थंडीत कुडकुडलेला माणूस 'बरं शेठजी' म्हणून रिकामी गाडी हाकीत परतीच्या वाटेला लागे. नकाराचा शब्द न उच्चारता नकार देण्याची ही विद्या ज्याने त्या फाटकावर हस्तगत केली, त्याला मुत्सद्देगिरीचे आणखी काय शिक्षण हवे होते? आणि वर कारकून अभिमानाने सांगतात की, मानद असल्यामुळे शेठजी वेतन घेत नाहीत. घेतले असते तर बरे झाले असते. त्यात थोडा कडता आम्हीही कापला असता.

आता या दूतपदामुळे आपल्याला कोणी जाब विचारू शकत नाही, असा एक समज शेठजींच्या दिवाणखान्यात पसरला आहे. ज्यांचे चुकारे अडकले आहेत त्यांनी या समजाने दबून जाऊ नये. त्याच कराराचे 71 वे कलम सांगते की, दूत हा यजमान देशाचाच नागरिक असेल तर त्याला अभय केवळ अधिकृत कृत्यांपुरते आहे. कडता हे अधिकृत कृत्य नव्हे.