मग विकताय कशाला?

खराब गाडी विकणं फार सोपं असतं. घेणारा येतो, टायरला लाथ मारतो, इंजिनाखालचं ऑइल बोटाने पुसून नाकाशी नेतो आणि गाडी खराब असल्याची त्याची खात्री पटते. खात्री पटली की माणूस निवांत होतो. मग भांडण फक्त आकड्याचं उरतं. चांगली गाडी विकायला काढून बघा. घेणारा फेऱ्या मारमारून दमतो, काहीच सापडत नाही, आणि जसजसं काही सापडत नाही तसतसा त्याचा चेहरा पडत जातो. शेवटी तो कमरेवर हात ठेवून विचारतो, "काका, एवढी चांगली आहे, तर मग विकताय कशाला?"

माझी येझदी रोडकिंग, १९८४ ची. अडीचशे सीसी, टू स्ट्रोक, दोन सायलेन्सर. मैसूरच्या आयडियल जावाची. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, गाडी मात्र कधी बंद पडली नाही, असं मी चारचौघांत सांगतो तेव्हा आमची ही नेमकी खोकते. दर पावसाळ्याआधी सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून कार्बन खरवडायचा, पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा, पार्टसाठी नाना पेठ पालथी घालायची आणि तिथे नाही मिळालं तर रविवारी जुन्या बाजारात उकिडवं बसून गंजक्या ढिगात हात घालायचा, हा माझा नेम. एवढं मी तब्येतीचं केलं असतं तर गाडी विकायची वेळच आली नसती.

खरं कारण गुडघा. येझदीची किक डाव्या बाजूला, आणि माझा डावा गुडघा संपावर. हाडांचे डॉक्टर म्हणाले, जिना चढा, पण किक बंद. पहिल्या गिऱ्हाइकाला मी हे प्रामाणिकपणे सांगितलं. त्याने गाडीकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं, आणि माणसाचा गुडघा कामातून जायला किती किका माराव्या लागत असतील याचा मनातल्या मनात हिशेब करून तो निघून गेला. दुसऱ्याला म्हटलं, सोसायटीत पार्किंगला जागा नाही. म्हणजे ऑइल गळतंय, लोकांनी तक्रार केलेली दिसते. पुढच्याला म्हटलं, आता फारशी वापरली जात नाही. उभी गाडी? मग आतून जाम असणार. त्याच्या मागून आलेल्याला सांगितलं, अहो, रोज वापरतो. मग घासलेली असणार.

पुतण्या म्हणाला, "काका, खरं बोलून गाड्या विकल्या जात नाहीत. सांगा, मुलाकडे अमेरिकेला कायमचे निघालो." सांगितलं. गिऱ्हाइकाचा चेहरा एकदम फुलला, शंका म्हणून उरली नाही. त्याने जाण्याची तारीख विचारली, ती जवळची आहे असं कळल्यावर किंमत निम्म्यावर आणली, आणि फ्रीज नि सोफासेटही काढताय का, अशी आपुलकीने चौकशी केली.

पुतण्याचा दुसरा सल्ला असा, की जुनी म्हणू नका, व्हिंटेज म्हणा. त्यानेही भाव चढला नाही, उलट एक जाणकार भेटला. त्याने ऐकवलं की २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूप राखलेली, मोठे फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज. शिवाय तशी नोंद केली की ती रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. दारात उभी राहून ही ऐकत होती. "पन्नाशी उलटलेली, रोजच्या कामाला काढता न येणारी," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "जुळतंय की सगळं. फेरफाराचं तेवढं बघावं लागेल." ती पोटाकडे बघत होती. माझी रोडकिंग चाळिशीतली. कायद्याने ती नुसतीच म्हातारी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासून घ्यायची, हरित कर भरायचा, नि आता पेंटरच्या हातची सुबक नंबर प्लेट उतरवून तिथे सरकारी पत्रा लावायचा, एवढेच तिचे मानमरातब.

एकाला ती कॅफेत हवी होती. चालवायला नाही, भिंतीवर टांगायला. म्हणाला, "इंजिन नसलं तरी चालेल, वजन कमी भरेल." या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग एक पोरगा आला, बरोबर त्याचे मामा. पोराने आल्या आल्या गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, उजवीकडे वाकून बघितलं, डावीकडे वाकून बघितलं, मग हँडलवरचं एक बटण दाबलं. हॉर्न वाजला. "काका, स्टार्ट कुठून होते?" येझदीत किक आणि गिअर एकाच दांडीवर. दांडी पुढे असेल तर गिअर. आत दाबून वर मागे फिरवली की तीच किक. मी हाताने फिरवून दाखवली. पोरगं हरखलं. सुरू करून दिल्यावर म्हणालं, "धूर येतोय." मी म्हटलं, "टू स्ट्रोक आहे. पेट्रोलमध्ये ऑइल घालतो. धूर आला नाही तर काळजी करायची." चक्कर मारायला निघताना तारण म्हणून त्याने मामांना ठेवलं.

मामा अबोल. चहा घेतला, बशीत ओतून. अर्ध्या तासाने पोरगा गाडी ढकलत फाटकातून आत आला. घामाघूम झालेला, पण चेहऱ्यावर समाधान. "बघ मामा, म्हटलं नव्हतं? काहीतरी असणारच! चालता चालता बंद पडली." मामांनी बशी खाली ठेवली. गाडीपाशी गेले, टाकीखाली हात घालून न बघता कॉक फिरवला, दांडी मागे घेतली, एकदा हळू दाबली, मग एकच किक मारली. दोन्ही सायलेन्सर बोलू लागले. "रिझर्व्हला लागली होती," मामा म्हणाले. पोराला रिझर्व्ह हा प्रकार समजावून सांगण्यात आमची पाच मिनिटं गेली. पेट्रोल संपत आलं की गाडीनेच स्क्रीनवर कळवायचं असतं, अशी त्याची समजूत.

"माझ्याकडे होती, एकोणऐंशी सालची," मामा मला म्हणाले. "बहिणीच्या लग्नात गेली." त्यांनी किंमत ऐकली, मान हलवली. विकताय कशाला, हे काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "स्पेअरचा डबा असेल ना?"

डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा. पॉइंट, कंडेन्सर, क्लच प्लेटा, केबली, चेनलॉक, प्लग. किमतीत मी तो धरलाच नव्हता. गाडीचा व्यवहार दोन मिनिटांत झाला होता. डब्याचा संध्याकाळपर्यंत चालला. मामा एकेक वस्तू उजेडात धरायचे, "ही ओरिजिनल?" म्हणायचे, आणि परत डब्यात न टाकता आपल्या बाजूला ठेवायचे. मी ती उचलून माझ्या बाजूला घ्यायचो. पोरगा मोबाईल बघत बसला. चहा पुन्हा झाला. शेवटी दोन प्लग मी ठेवायचे आणि बाकी डबा त्यांनी न्यायचा, वर त्याचे वेगळे पैसे द्यायचे, असं ठरलं. हिने नंतर हिशेब केला तेव्हा गाडीपेक्षा डबा किलोमागे महाग गेला होता.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. पीयूसी, इन्शुरन्स सगळं दिलं. आरसीशी नंबर पडताळायचे म्हणून मामा इंजिन नंबर वाचायला खाली बसले. उठताना मात्र माझा हात धरून उठले. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.

नाव ट्रान्स्फर झाल्यावर त्यांचा फोन आला. पोराला काही चालवू देत नाही, मीच चालवतो, म्हणाले. गाडी एकदम झकास, तक्रार नाही, आवाज तर अगदी तोच. मग थोडं थांबून म्हणाले, "तुमचे हाडांचे डॉक्टर कोण?"

नंबर दिला. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, डब्यात धरले.