शेऱ्याचा रकाना

गेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे असा शिष्टाचार असल्यामुळे, आजोबांच्या अंत्यविधीहून परतलेल्या मंडळींनी मितभाषित्व, क्षमाशीलता, ऐहिक गोष्टींविषयी अनासक्ती इत्यादी जे जे सद्गुण त्यांच्या ठायी शोधून काढले, ते ऐकून आजीला आपण चुकून शेजारच्या घरच्या सुतकात येऊन बसलो की काय, असा संशय आला असावा. मितभाषी तर ते नव्हतेच. आणि अनासक्तीचे म्हणाल, तर मामलेदार कचेरीतील अव्वल कारकुनी संपून कित्येक वर्षे लोटल्यावरही, घरात आलेल्या दुधाची, गेलेल्या पाहुण्याची आणि फुटलेल्या कपबशीची बारनिशीत नोंद झाल्यावाचून त्यांना अन्न गोड लागत नसे.

ज्या घरात ते जन्मले त्याच घरात ते निवर्तले. परंतु जन्मले ते मुंबई इलाख्याच्या पश्चिम खानदेशात, नोकरीची उमेद घालवली ती धुळे जिल्ह्यात, आणि देह ठेवला तो 1 जुलै 1998 रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात. मध्यंतरी द्विभाषिक मुंबई राज्य आले आणि 1960 साली गेलेही. "मी जागचा हललो नाही, सरकारच आपली बदली करून घेत राहिलं," असे ते अभिमानाने सांगत, आणि नवा जिल्हा झाल्यावरही पत्रावर 'जिल्हा धुळे' लिहिणाऱ्या आप्तांना उलट टपाली कारणे दाखवा नोटीस धाडीत.

अंत्ययात्रा निघाली ती ऐन मिरचीच्या हंगामात. वाटेवरच्या पथाऱ्यांवर लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या. वारा सुटताच, ज्यांना आजोबांच्या नोटिसांखेरीज त्यांच्याकडून काही मिळाले नव्हते, अशांच्याही डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या. एका वृद्ध स्नेह्याला तर अशा शिंका सुटल्या, की खांदेकरी घटकाभर थबकले. प्रस्थानाच्या वेळी शिंक म्हणजे अपशकुन खरा. पण ज्याचे मुक्कामाचे ठिकाणच कायम झाले, त्याला आणखी कोणता अपशकुन व्हावयाचा?

अस्थी तापी व गोमाई यांच्या संगमावर, प्रकाशाला नेल्या. या क्षेत्राला दक्षिण काशी म्हणतात, आणि काशी करून आलेल्याने येथे पाय लावल्याखेरीज त्याची यात्रा पुरी होत नाही, अशी श्रद्धा आहे. आजोबा तिचा अर्थ खात्याच्या नियमांनुसार लावीत: काशीने दिलेला पुण्याचा दाखला प्रकाशाच्या प्रतिस्वाक्षरीवाचून ग्राह्य नाही. स्वतः ते काशीला कधीच गेले नाहीत. मूळ कागद मागाहून सादर करता येतो, या भरवशावर त्यांनी आयुष्यभर प्रतिस्वाक्षऱ्या तेवढ्या गोळा केल्या.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांचे दप्तर सोडले. लाल रुमालांत बांधलेल्या त्या वह्यांत माझ्या नावाचे स्वतंत्र प्रकरण निघाले. 'नातवास गोवर. शेरा: ताप पहाटे उतरला, सबब आजोबांचा उपास निकाली.' त्याखाली सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेची नोंद होती. 'घोड्याची मागणी. नामंजूर. शेरा: अर्जदार रडून झोपी गेला, नामंजूर करणाऱ्यास झोप नाही. सबब लाकडी घोडा मंजूर.' तोंडाने ज्यांनी आम्हाला कधी 'बाळ' म्हटल्याचे स्मरत नाही, त्यांनी आपली सारी माया शेऱ्याच्या रकान्यात, अर्ध्या इंचाच्या जागेत, बारीक अक्षराने भरून ठेवली होती. एकच रकाना वर्षानुवर्षे कोरा होता, तो 9 सप्टेंबरचा. 1942 साली त्या दिवशी नंदुरबारात पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे बालसोबती हुतात्मे झाले. आजोबा त्याच्याच वयाचे होते. निकाली न काढण्याचे एखादे प्रकरण त्यांच्याही दप्तरी असावे, हे मला तेव्हा कळले.

पुढे वारसनोंदीचा अर्ज केला, तेव्हा रिवाजाप्रमाणे तलाठ्याची नोटीस आली: फेरफारास कोणाची हरकत असल्यास 15 दिवसांत कळवावी. मी ती आजीला वाचून दाखवली. सातबाऱ्यावरून आजोबांचे नाव कमी होऊन आमची नावे लागणार, एवढे तिला समजले, आणि आयुष्यात एकाही सरकारी कागदाची दखल न घेतलेली ती म्हातारी ताठ बसून म्हणाली, "त्यांचं नाव काढायला माझी हरकत आहे. लिहून घ्या."

तलाठी तरुण आणि सुस्वभावी होता. अशी हरकत कायद्यात बसत नाही, हे त्याने तिला परोपरीने समजावले. आजोबा त्याच्या खुर्चीवर असते, तर इतक्या घाईने त्यांनी प्रकरण हातावेगळे केले नसते. अर्ज मुदतीत आहे, अर्जदाराचा हितसंबंध निर्विवाद आहे, असा शेरा मारून त्यांनी हरकत दाखल करून घेतली असती, आणि संबंधित इसम समक्ष हजर होईपर्यंत सुनावणी बेमुदत तहकूब ठेवली असती.