गो!

२००० साली महाराष्ट्र सरकारनं पाचवीत भेटणारं इंग्रजी उचलून थेट पहिलीत आणून ठेवलं आणि त्याच सुमारास शिक्षणसेवक नावाचा नवा प्राणी जन्माला घातला. मानधन तेव्हा महिना ३००० रुपये. या दोन्ही योजनांचं संयुक्त फलित म्हणजे महागाव तालुक्यात, फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर, पत्र्याची ट्रंक घेऊन उतरलेला मी.

माझं इंग्रजी साताऱ्याकडचं. बारावीला काठावर पास. पण डी.एड.ला एक मंत्र पाठ केला होता: इंग्रजीच्या तासाला मातृभाषेचा शब्द काढायचा नाही. मातृभाषा म्हणजे अर्थातच मराठी! वर्गात शिरलो तर पहिल्या रांगेतली शेंबडी पोर म्हणाली, "तारो नाम कांई छ?" मला वाटलं, गुजराती. मी हसून "येस" म्हणालो. वर्ग लोळायचा बाकी राहिला.

पोरांच्या घरी गोरमाटी, पुस्तकात मराठी, आता फळ्यावर इंग्रजी. दोन परक्या भाषा एकदम, आणि त्यातली एक मलाही परकी. फ्रेंचचा गंध नसताना फ्रान्सात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या गोऱ्या मास्तरांचं मला काही वाटत नाही. त्यांना निदान इंग्रजी तरी येतं.

दिवाळीनंतर मी कृतीतून शिकवायचा घाट घातला. 'स्टँड अप'ला पोरं उठली, 'सिट डाऊन'ला बसली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या भरात मी दाराकडे हात करून गरजलो, "गो!" आणि नीट कळावं म्हणून स्वतः दोन पावलं बाहेर टाकून दाखवली.

पोरं गेली. सगळी. दप्तरांसकट.

शिवारात कापूस फुटलेला, वेचायला माणूस मिळेना अशी वेळ. आयांनी काही विचारलं नाही. पोरांच्या कमरेला ओट्या बांधल्या आणि तासाला लावलं. मी बांधावरून "स्टॉप! स्टॉप!" करत फिरलो, पण तो शब्द अजून शिकवला नव्हता. एका आजीनं मलाही एक ओटी दिली. नाही म्हणायचं कोणत्या भाषेत, हे ठरेपर्यंत माझी निम्मी ओळ वेचून झाली होती.

उन्हं कलताना तांड्याचे नायक पोरांची रांग घेऊन शाळेत आले. मागे मी, धोतऱ्याच्या फुलासारखा पांढरा. "मुख्याध्यापक साहेब," नायक म्हणाले, "नव्या गुरुजीचं इंग्रजी पोरायले एका झटक्यात समजते."

मुख्याध्यापकांनी रिकाम्या हजेरीपटावरून नजर माझ्या केसांतल्या कापसापर्यंत आणली.

"उद्या 'कम' घ्या," ते म्हणाले.