कंसातला पराभूत

हार्ड कोर्टवरच्या मोठ्या टेनिस स्पर्धेचे निकाल दोनदा लागतात: एकदा कोर्टवर आणि एकदा वर्तमानपत्रात. न्यूयॉर्कची स्पर्धा १९७८ पासून आणि मेलबर्नची १९८८ पासून हार्ड कोर्टवर होते. एकेरीच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात. म्हणजे १२७ सामने, पुरुष आणि महिला मिळून २५४. यातल्या बहुतेकांची वर्तमानपत्रात वाट लागते.

पहिल्या फेरीचा निकाल मराठी वाचकाला एका मथळ्यात मिळतो: ‘भारताचे आव्हान संपुष्टात’. हे आव्हान म्हणजे बहुधा पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून आलेला एकटा माणूस. तो तीन सामने जिंकला तेव्हा बातमी नव्हती. तो हरला की देश हरतो, आणि क्रीडा पानापुरती स्पर्धाही तिथेच आटोपते. उरलेल्या फेऱ्या टायरच्या जाहिरातीखाली बारीक टायपात उरकल्या जातात.

गुणसंख्या नेहमी विजेत्याच्या बाजूने छापतात. पराभूताने पहिला सेट ६-३ असा जिंकला असेल, तर छापून येते ३-६. या नियमाची खरी शोभा दुखापतीच्या वेळी दिसते. ‘३-६, ०-२ (माघार)’ या निकालात जिंकणारा हरत होता आणि हरणारा जिंकत होता. एकही चेंडू न मारता जिंकणाऱ्याला मात्र ‘पुढे चाल’ मिळते. त्यात कोणताच आकडा नसल्याने हा एकच निकाल बिनचूक छापला जातो.

मुख्य विषय कंसाचा आहे. सेट ६-६ असा बरोबरीत आला की टायब्रेक होतो. १९७० साली न्यूयॉर्कने तो स्वीकारला, तेव्हा तिथली स्पर्धा हिरवळीवर होत असे. आजच्या टायब्रेकमध्ये आधी ७ गुण मिळवणारा जिंकतो, मात्र दोन गुणांची आघाडी हवी. निकालात हे ‘७-६ (५)’ असे लिहितात. कंसातले ५ हे हरणाऱ्याचे गुण. जिंकणाऱ्याचे किती, ते वाचकाने काढायचे. कंसात ० ते ५ असेल तर ७ धरायचे, ६ असेल तर ८ आणि ९ असेल तर ११. इथवर सातवीतला मुलगाही पोहोचेल. पण मेलबर्नने २०१९ मध्ये निर्णायक सेटचा टायब्रेक १० गुणांचा केला आणि २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांनी तोच नियम घेतला. त्यामुळे पहिल्या सेटमधले ‘७-६ (५)’ म्हणजे ७-५ आणि शेवटच्या सेटमधले ‘७-६ (५)’ म्हणजे १०-५. अक्षर तेच, शाई तीच. वाचकाने आधी सामना पुरुषांचा की महिलांचा ते पाहावे, मग पाचवा सेट की तिसरा ते मोजावे, आणि मग कंस सोडवावा. पंचांगातली घटका-पळे याहून सोपी. काही दैनिके दोन्ही आकडे छापतात, काही एकच, आणि काही एकाच पानावर दोन्ही पद्धती नांदवतात, म्हणजे कोणाचीच गैरसोय चुकायला नको. ‘१०-’ छापायला जागा लागते ती किती? त्याच पानावर राखीव यष्टिरक्षकाचे पोट बिघडल्याची बातमी दोन रकाने ऐसपैस पसरलेली असते, छायाचित्रासह! पाच-पाच तास उन्हात घाम गाळणाऱ्याच्या वाट्याला मात्र अर्धा कंस. आणि ‘०-६, ७-६ (५), ०-६, ७-६ (५), ७-६ (५)’ असा निकाल लागलाच, तर विजेत्याचे गेम होतात २१ आणि पराभूताचे ३०. नियमात हे चोख बसते. मथळा अर्थात ‘संघर्षपूर्ण विजय’, आणि त्या ३० गेमवाल्याचे नाव दुसऱ्या ओळीत चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाने.

वेळेची सबब न्यूयॉर्कपुरती खरी आहे. तिथला रात्री सातचा सामना भारतात पहाटे साडेचारला सुरू होतो, तोवर अंक छापून गाडीत चढलेला असतो. मेलबर्नला ही सबब नाही. तिथल्या संध्याकाळी साडेसातच्या अंतिम सामन्याला इथे दुपारचे दोन वाजलेले असतात. क्रीडा विभाग तेव्हा नुकता जेवून आलेला असतो, आणि निकाल तरीही चुकतो.

मिश्र दुहेरीत मेलबर्नला तिसरा सेट खेळतच नाहीत. त्याऐवजी १० गुणांचा एकच टायब्रेक होतो, आणि तो चौकटी कंसात लिहितात: [१०-८]. इथे दोन्ही बाजूंचे गुण दिलेले असतात. जागेअभावी मिश्र दुहेरीचा निकाल छापत नाहीत.