कामून पायी?

परवा कोथिंबीर आणायला सुभाष रोडपर्यंत पायी निघालो. दहा मिनिटांची वाट, लागली पंचवीस. पाय थकले नाहीत, माणसं आडवी आली. "काका, कामून पायी? गाडी गॅरेजला टाकली का?" हा पहिला. दुसऱ्यानं बुलेट आडवी घालून "बसा मागं" म्हणत हातच धरला. तिसरा जवळ आला, आवाज खाली आणला, "हप्ते थकले का?" म्हटलं, नाही हो, उगंच चालतोय. तो क्षणभर गंभीर झाला आणि म्हणाला, "हां हां, शुगर निघाली म्हणा की!" बीडमध्ये पायी चालायला दोनच कारणं मान्य आहेत. एक तर डॉक्टरनं सांगावं, नाही तर विठ्ठलानं बोलवावं.

विठ्ठलानं बोलावलं की हाच गडी मुक्ताईच्या पालखीमागं चालतो, पायाचे फोड स्टेटसला टाकतो. माघारी आला की कोपऱ्यावरची पुडी आणायला स्कूटी. डॉक्टरवाले त्याहून पुढचे. पहाटे चारचाकी काढायची, मैदानाच्या गेटला चिकटून लावायची, चार फेऱ्या मारायच्या. सगळ्यांच्या गाड्या गेटलाच असल्यानं आत शिरायला वळसा पडतो. ती पाचवी फेरी.

एसटीचं तर काय सांगावं! 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही, 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं. त्यामुळं एकाच लग्नाला म्हातारी फुकट जाते, सून अर्ध्यात जाते आणि घरचा कर्ता सात सीटच्या गाडीत एकटाच जातो. मागच्या सीटवर इस्त्रीचा शर्ट असतो, त्याला जागा लागते.

आणि रेल्वे! 1995 ला मंजूर झालेली, मोर्चे, उपोषणं करून मागितलेली. 17 सप्टेंबर 2025 ला बीडहून अहिल्यानगरकडं निघाली एकदाची. तीस वर्षं! मंजुरीच्या साली जन्मलेल्या पोराचं लग्न झालं, त्याच्या दारात दोन गाड्या आल्या, मग रेल्वे आली. आता त्याच पोराला विचारलं, बसलास का रे? "स्टेशनपर्यंत गाडीनं जावं लागतं ना काका. मग तशीच पुढं नेतो."

माझी कोथिंबीर घरी येईस्तोवर मान टाकून बसली होती. उद्या पुन्हा निघणार आहे. दिसलो तर हॉर्न वाजवू नका, खाली उतरा.