खाऱ्या पाण्याचे काका

समुद्रापासून माणूस जितका लांब, तितका त्याचा समुद्राचा अभ्यास दांडगा. कोकणातल्या माणसाला भरतीची वेळ विचारली तर तो खिडकीतून बाहेर बघतो. आमचे देपालपूरचे काका आधी तिथी विचारतात, मग चष्मा पुसतात, मग कागद घेतात. इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या या तालुक्याच्या गावात लोक गहू, सोयाबीन आणि बटाटा पिकवतात. काका फ्लाय बांधतात. खोल समुद्रातल्या सेलफिशला भुलवायची, वीतभर लांबीची, पिसांची आमिषं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काहीतरी करावंच लागतं. बाकीच्यांनी गुडघे दुखवून घेतले, काकांनी गळ घेतले.

‘इथं समुद्र कुठाय?’ असं विचारणाऱ्या पाहुण्याला काका ओसरीवर नेतात. विंध्याच्या या अंगाचं पाणी चंबळेत जातं, चंबळ यमुनेत, यमुना प्रयागला गंगेत आणि गंगा बंगालच्या उपसागरात. ‘म्हणजे आपल्या पागोळीचं पाणी शेवटी खारंच होतं,’ असं म्हणून ते पाहुण्याकडे असं बघतात, की पाहुणा आपली छत्री मिटतो. डोंगरापलीकडे नर्मदा आहे, तिच्यात महाशीर आहे, महाशीर मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. पण त्याचं नाव काढलं की काका ‘गोडं पाणी!’ एवढंच म्हणतात, मधुमेही माणसाने दुसऱ्याच्या बासुंदीला नाव ठेवावं तसं.

सामान सगळं गावातलं. फ्लायचं डोकं काकूंच्या जुन्या स्लिपरच्या फोमचं. डावी संपली, उजवी चालू आहे. चमक गणपतीच्या मखरातल्या झिरमिळ्यांची. परदेशी पुस्तकांत हरणाच्या शेपटीचे केस सांगतात, पण काका 1972 चा वन्यजीव कायदा जाणून आहेत, म्हणून बोकडाच्या केसांवर भागवतात. पिसं मात्र कडकनाथचीच. झाबुआच्या या काळ्या कोंबड्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच्या मांसासाठी, ही गोष्ट शुद्ध शाकाहारी काकांच्या दृष्टीने गौण आहे. चिकनच्या दुकानात जाऊन त्यांनी मानेची नि पाठीची लांब पिसं निवडून घेतली, पूर्ण पैसे मोजले. दुकानदाराने विचारलं, ‘और मुर्गा?’ काका म्हणाले, ‘वो तुम रखो.’ तेव्हापासून तो दुकानदार काकांना मांत्रिक समजतो आणि भाव करत नाही.

पण पिसं कोणीही बांधील. काकांची खरी विद्या गळ बसवण्यात. सेलफिश आमिष गिळण्याआधी त्याला चोचीने फटकारतो आणि त्याचं तोंड हाडासारखं टणक. म्हणून गळ दोन: पुढच्याचं टोक खाली, मागच्याचं वर. मागचा गळ सैल राहिला तर तो पिसांत गुंततो आणि मासा नुसती पिसं चाखून निघून जातो. यासाठी दोन गळांमधल्या तारेवर काका वायरमनकडची, तापवली की आवळणारी नळी चढवतात आणि काकूंच्या गॅसवर धरतात. त्या दिवशीच्या पोळ्यांना प्लास्टिकचा मंद दरवळ असतो. दुसरी पद्धत नळीची: बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलवर पिसं बांधायची, दोरा तिच्यातून ओवायचा आणि गळ बाहेर दोऱ्याला लावायचा. मासा लागला की पिसांची नळी दोऱ्यावर सरकते आणि त्याच्या तोंडापासून वाचते. गळाची धार काका अंगठ्याच्या नखावर पाहतात. टोक घसरलं तर कानस, रुतलं तर समाधान.

पुढे येतो कायदा. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन 1939 साली स्थापन झाली, आणि तिची देपालपूर शाखा असती तर काका तिचे अध्यक्ष, चिटणीस आणि आरोपी असते. तिच्या नियमांत फ्लायला दोनपेक्षा जास्त गळ चालत नाहीत. दोन्ही गळांच्या नेढ्यांत 6 इंचांहून जास्त अंतर चालत नाही. तीन तोंडांचा गळ तर अजिबात नाही. आणि फ्लाय फेकताना नि ओढताना बोट गिअरमध्ये असता कामा नये. समुद्रात बोटीमागे बिनगळाचं आमिष ओढून माशाला चिडवतात, ते झटकन काढून घेतात आणि त्याच्या जागी फ्लाय टाकतात. मैदानावरच्या सरावात शेजारचा बंटी सायकलला दोरी बांधून तेलाचा रिकामा डबा ओढतो. सायकलला न्यूट्रल नसल्यामुळे काकांनी हात वर केला की त्याने दोन्ही पाय पॅडलवरून उचलायचे असतात. सरावाच्या फ्लायचा गळ अर्थातच कापलेला. तरी एकदा गल्लीतल्या कुत्र्याने ती तोंडात धरली. काकांनी त्याला नियमाप्रमाणे दमवलं, फोटो काढला आणि सोडून दिलं. त्यांच्या नावावर आजवर तेवढीच नोंद आहे.

16 जून ते 15 ऑगस्ट राज्यात मासेमारीला बंदी असते. काका ती कडक पाळतात. उरलेले दहा महिनेही ते तेच करतात, फक्त तेव्हा कोणी कौतुक करत नाही. अपवाद शेजारच्या जैन काकांचा. ‘इतकी वर्षं मासे पकडतात, पण एका जिवाला धक्का नाही,’ असं ते सगळ्यांना सांगतात.

यंदा पुतण्याने काका-काकूंची अंदमानची तिकिटं काढली. घरात शांतता पसरली. काकांनी फूटपट्टी काढली, आपल्या सर्वोत्तम फ्लायची नेढी मोजली आणि अंतर साडेसहा इंच भरलं. ‘नियमात बसत नाही,’ ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, चेहऱ्यावर सुटका. ती फ्लाय पुन्हा बांधायची तर हिवाळा जाणार, आणि दुसरी नेणं म्हणजे माशाचा अपमान.

तिकीट वाया जाऊ नये म्हणून काकू महिला मंडळातल्या मैत्रिणीला घेऊन सेल्युलर जेल बघायला गेल्या. तिसऱ्या दिवशी फोटो आला: बोट, निळंशार पाणी आणि काकूंच्या अंबाड्यात खोचलेली सरावाची बिनगळाची फ्लाय. काकांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला आणि फोन लावला.

‘पिसं उलटी बसलीत. काढून नीट लाव.’

‘आत्ता नाही जमणार,’ काकू म्हणाल्या, ‘बोट गिअरमध्ये आहे.’